गाडीपुरती जागा

देवाजी अलोणे गाडीवर बसलेला असला की मोठा ऐटबाज दिसे. रुंद खांदे, भरदार छाती, चापून पाडलेला भांग आणि दोन्ही हात स्कूटरच्या हँडलवर. वांकिडीच्या बाजारातून तो निघाला की परगावचा माणूस बाजूला होऊन वाट देई. त्याला वाटे, कोणी साहेब चालला. कमरेखाली मात्र पाय नुसते नावाला होते. लहानपणी ताप आला, आठवडाभर राहिला आणि गेला तो पायांतली ताकद घेऊनच. घरात देवाजी हातांवर चाले. तळहातांखाली रबरी चपला धरून तो या खोलीतून त्या खोलीत इतक्या झपाट्यानं जाई की त्याची बायको भागीरथा ओरडे, "अवं, मांगं कोनी लागलं का तुमच्या?"

पण हे घरात. घराबाहेर देवाजीला जमिनीवर कोणी पाहिलेलं नव्हतं. लहानपणी सगळ्या गावानं पाहिलं होतं, शाळेच्या वाटेवर धुळीतून सरकताना, आणि तेवढं दर्शन जन्माला पुरे झालं असं त्यानं ठरवून टाकलं होतं. नोकरी लागल्यावर त्यानं पहिली वस्तू घेतली ती ही जुनी स्कूटर. चंद्रपूरच्या एका मिस्त्रीकडून तिच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी एकेक जोडचाक बसवून घेतलं. वांकिडीच्या घराचं अंगण रस्त्याच्या सपाटीला होतं. गाडी थेट ओसरीला भिडे, कट्ट्यावर हात टेकले की देवाजी आत. कचेरीत शिपाई चाकांची खुर्ची गाडीला लावून देई. घर ते दफ्तर, मधे कुठे धूळ लागत नसे. त्याचा सगळा ताठा एवढ्या व्यवस्थेवर उभा होता, आणि माणसाचा ताठा उभा राहायला याहून जास्त काही लागतं असं नाही.

मग सत्त्याण्णव साली बढती आली. बढतीबरोबर अदिलाबादला तबादला आला. देवाजीचा बाप मोतीराम जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबला. त्याचा पोरगा आता जिल्ह्याच्या कचेरीत खुर्चीवर बसणार म्हणून बौद्धवाड्यात बुंदी वाटली गेली. सगळ्यांनी पाठ थोपटली. 'तिथं राहायचं कुठं' हे कोणी विचारलं नाही. नाही म्हणायची सोयही नव्हती, कारण वांकिडीच्या जागेवर दुसरा माणूस हुकूम घेऊन दाराशी येऊन उभा होता.

भागीरथाची बहीण गुडीहत्नूरला दिलेली. तात्पुरतं म्हणून दोघं तिथं जाऊन राहिली. तिथून देवाजी रोज हमरस्त्यानं, ट्रकांच्या धुरातून अदिलाबादला येऊ-जाऊ लागला. साडू मोठा भला माणूस. पण साडूचा भलेपणा दुधासारखा असतो, फार दिवस ठेवला की नासतो. भागीरथा रोज विचारी, "भेटलं का घर?" आणि देवाजी रोज म्हणे, "पाहून राह्यलो."

खरोखरच तो पाहून राहिला होता. कचेरीतला चंपत नावाचा शिपाई दुपारच्या सुट्टीत त्याच्या गाडीवर मागे बसे आणि गल्लीगल्लीतून फिरवी. चंपत जन्मानं अदिलाबादचा, तोंडानं अर्धा वकील. कुठल्या घराला भाड्याची पाटी लागली हे त्याला घरमालकाच्या आधी कळे. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून असं आपण म्हणतो. हे म्हणणाऱ्यानं भाड्याचं घर कधी शोधलं नसावं. तेही जोडचाकांच्या गाडीसकट.

अदिलाबादच्या घरांचं रस्त्याशी काय वैर आहे कोण जाणे. रस्ता खाली, घर वर. मधे उघडी नाली, नालीवर माणसाच्या पावलापुरती एक फरशी, फरशीपुढे पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या शेवटी एक चिंचोळं फाटक. चालत्या माणसाला याचं काही वाटत नाही. देवाजी मात्र प्रत्येक घरासमोर गाडी उभी करून आधी नाली पाही, मग फाटक, मग पायऱ्या, आणि घर किती खोल्यांचं हे विचारायच्या आतच गाडी वळवी. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण ज्यानं केली, त्याला अंगण खरोखरच वाकडं असू शकतं हे कोणीतरी सांगायला हवं होतं.

जिथं फाटक रुंद, तिथं निराळीच गोष्ट. सुधाकरराव नावाचे एक वकील होते. पिढ्यान्‌पिढ्या अदिलाबादेत राहिलेलं मराठी घर. फाटक असं की बैलगाडी आत जावी. देवाजीच्या तोंडची मराठी ऐकताच सुधाकरराव खूश झाले.

"या, या! आपली माणसं भेटतात कुठं आता? सगळा तेलुगू कारभार. चहा घेणार?"

गाडीवरच देवाजीला चहा मिळाला. कपबशी चांगली होती. चहा पिता पिता सुधाकररावांनी सहज विचारलं, "मागच्या खोलीत पूर्वेला देवघर आहे, ते तुम्हाला चालेल ना?"

देवाजी सरळ माणूस. म्हणाला, "आमाले देवघर लागत नाई, साहेब."

सुधाकररावांनी देवाजीच्या हातातल्या कपाकडे पाहिलं. मग त्यांची नजर गाडीवर गेली, जणू ती त्यांना तेव्हाच दिसली. "गाडीचं तेल गळत असेल हो," ते म्हणाले. "आमची फरशी शहाबादी आहे. डाग पडला की निघत नाही."

"तेल गळत नाई, साहेब."

"आज नाही गळत. उद्या गळेल."

पुढे देवाजीला याची सवय झाली. ज्याला घर द्यायचं नसे त्याला ती गाडी फार सोयीची पडे. गाडीचा आवाज होतो, गाडी वळायला जागा लागते, संक्रांतीला आमचा मुलगा हैदराबादेहून मोटार घेऊन येतो. एकानं तर स्वच्छ सांगितलं, सकाळी उठून असं काही समोर दिसलं की दिवस बरा जात नाही. 'असं काही' म्हणजे गाडी की गाडीवरचा माणूस, हे देवाजीनं विचारलं नाही. आपल्याला नकार पायांसाठी मिळाला, जातीसाठी मिळाला की खरंच गाडीसाठी, हे त्याला एकदाही नक्की कळलं नाही. नकार नेमका कशाला हे कळलं तर माणूस निदान त्यावर रागावू तरी शकतो. चंपत त्याच्या वतीनं रागवे, फाटकाबाहेर आल्यावर मोठमोठ्यानं शिव्या घाली. देवाजी गाडीला हातानं किक मारी आणि म्हणे, "चाल बाप्पा, सुट्टी संपली."

अशात व्यंकटेशम भेटले. कालव्याच्या खात्यातून निवृत्त झालेले, तेलुगू, अंगानं किरकोळ. घराचा एक भाग भाड्यानं द्यायचा होता. त्यांच्याही दारात नाली होती, फरशी होती. देवाजीनं नेहमीसारखी नाली पाहिली आणि हँडल वळवलं, तेवढ्यात ते आतून दोन फळ्या घेऊन आले, नालीवर टाकल्या आणि तेलुगूत म्हणाले, "हळू या. फळ्या मजबूत आहेत."

देवाजी आत गेला. घर पाहिलं. व्यंकटेशमनी जात विचारली नाही, देवघराचं विचारलं नाही, घरी शिजतं काय हेही विचारलं नाही. जोडचाकांवरून हात फिरवत ते एवढंच बोलले, "माझा धाकटा भाऊ असाच होता. त्या काळी अशी गाडी नव्हती. तो घराबाहेर पडलाच नाही."

आणि आठवड्याभरात त्यांनी गवंडी बोलावून फाटकासमोर सिमेंटचा उतार करून घेतला. नालीवरून थेट पडवीपर्यंत. उताराचं पाणी कुठल्या दिशेनं जावं यावरून व्यंकटेशमची बायको अनसूयम्मा आणि गवंडी यांची दोन दिवस जुंपली होती. ती शेवटी पाणी पूर्वेला न्यायला लावूनच थांबली. उतार वाळला तेव्हा देवाजीनं पहिल्यांदा गाडी वर नेली. पडवीच्या कट्ट्यावर हात टेकून तो आत गेला, खोलीच्या मधोमध बसला आणि भागीरथाकडे पाहून हसला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आपल्या वाकडीपेक्षा बरं हाय," ती म्हणाली. वांकिडीला ती वाकडी म्हणे.

त्या घरात दोन महिने सुखाचे गेले. भागीरथाला तेलुगू येत नव्हतं आणि अनसूयम्माला मराठी. तरी पडवीत बसून दोघी अंबाडीची भाजी निवडत, एकमेकींना खुणांनी काहीबाही सांगत आणि हसत. देवाजीला दोन्ही भाषा येत, पण तो घरी नसे, आणि त्याच्यावाचून त्यांचं काही अडतही नव्हतं.

अनसूयम्मा पहाटे उठे. फाटकासमोरची जागा झाडे, शेणाचा सडा टाके आणि त्यावर रांगोळी काढी. तेलुगूत तिला मुग्गू म्हणतात. पिठाची रेघ चिमटीतून अशी सुटे की वाटावं, आधीच काढलेल्या रेघेवरून बोट फिरतंय. आणि ही सगळी कला नेमकी उताराच्या पायथ्याशी, देवाजीच्या वाटेवर. पायानं चालणारा माणूस रांगोळीला वळसा घालतो, नाहीतर पाऊल लांब टाकतो. देवाजीची गाडी फाटकाएवढी रुंद. तो निघाला की मुग्गूवर तीन पट्टे उमटत.

अनसूयम्माला त्याचं काही नव्हतं. मुग्गू काढायचा तो दिवसभर लोकांच्या पायांनी पुसायलाच, असं ती मानी. पण देवाजीला ते कसं कळावं? ज्या घरात आपल्याला काही न विचारता घेतलं, ज्यानं आपल्यासाठी उतार बांधला, त्याच्या बायकोची रांगोळी रोज चिरडून आपण कामाला जातो, हे त्याच्या जिवाला लागलं. उपऱ्यानं जपून राहावं, ही शिकवण त्याच्या बापानं त्याला अन्नाबरोबर भरवलेली होती. डिसेंबरात धनुर्मास लागला आणि अनसूयम्माचे मुग्गू अंगणभर पसरू लागले. कमळं, मोर, वेलबुट्ट्या. एके सकाळी मोराच्या मानेवरून चाक गेलं. दुसऱ्या दिवसापासून देवाजी पहाटे, मुग्गू काढला जायच्या आत, गाडी काढून जाऊ लागला.

कचेरी उघडायला पुष्कळ अवकाश असे. तो बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीशी गाडी लावी आणि मफलर गुंडाळून गाडीवरच बसून राही. अदिलाबादची थंडी म्हणजे गंमत नाही. हँडल धरवत नसे. घरी त्यानं सांगितलं की कामाचा बोजा वाढला आहे. खरं कारण सांगितलं असतं तर भागीरथा म्हणाली असती, "तिच्या पिठासाठी तुमी थंडीत मरता?" म्हणून तो बोलला नाही. व्यंकटेशमलाही बोलला नाही, कारण सांगितलं तर ते उपकार दाखवल्यासारखं होईल. भल्या माणसाचं हे एक वाईट असतं. तो चांगुलपणासुद्धा चोरून करतो आणि मग चोरासारखाच फसतो.

आता त्या अंगणातली अडचण बघा. घरातला माणूस बाहेर पडल्यावर लगेच त्याच्या पाठीमागे झाडू मारू नये, सडा टाकू नये, हे तेलुगू बायका पाळतात आणि मराठीही पाळतात. माणसाच्या पाठोपाठ लगेच झाडायचं, सडा टाकायचा तो एकाच वेळी, घरातून तिरडी उचलल्यावर. अनसूयम्माला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून देवाजी गेला की ती बादली भरून थांबे, गाडीचा आवाज विरेपर्यंत, मग आणखी थोडं. पण धनुर्मासात उजाडायच्या आत मुग्गू पुरा व्हायला हवा. एका पहाटे थंडीनं देवाजीची गाडी सुरूच होईना. हातानं किक मारून मारून तो घामाघूम झाला. अनसूयम्मा बादली आणि झाडू घेऊन फाटकाशी ताटकळत उभी. पूर्वेकडे तांबडं फुटलं. शेवटी गाडीनं धूर सोडला, देवाजी उतारावरून खाली गेला, आणि अनसूयम्मानं घाईघाईनं त्याच्या चाकांच्या मागोमाग सडा भिरकावला.

भागीरथा दारात उभी होती.

तिनं काय पाहिलं हे सांगायला नको. देव तर तिच्या सासऱ्याच्या पिढीनंच घरातून काढले होते, ती दर पौर्णिमेला विहारात जाई, पंचशील तिला तोंडपाठ. पण देव गेले म्हणून आईनं शिकवलेले शकुन-अपशकुन काही गेले नव्हते. आणि हे काही आजचंच नव्हतं! नवरा गेला की बाहेर झाडूचा आवाज येतो, हे ती अंथरुणातून कितीतरी दिवस ऐकत होती. आज डोळ्यांनी पाहिलं. बादली भरून ही बाई माझा नवरा जायची वाट पाहत उभी होती.

भागीरथा तरातरा उतारावरून खाली आली. "काऊन वं? माह्या नवऱ्याची तिरडी निघाली का? मेला का तो? त्याच्या मांगं सडा टाकते?"

अनसूयम्माला एक अक्षर कळलं नाही. ती घाबरून हसली. आजवर दोघींचं सगळं खुणांवर चाललं होतं, तेव्हा भागीरथानं खूण केली. दोन्ही हात खांद्याशी नेले, तिरडीचा दांडा धरतात तसे, आणि चार पावलं चालून दाखवलं. मग मडकं फोडल्याची खूण केली. मग बोट दाखवलं, सड्याकडे.

सडा व्यंकटेशमच्या दाराशी होता. धनुर्मासाची पहाट, मुग्गूची वेळ, दारात पाठमोरा उभा असलेला आपला म्हातारा नवरा, आणि एक बाई त्या दाराकडे बोट करून तिरडी दाखवते आहे. अनसूयम्माच्या हातातली बादली सुटली. ती तिथंच ओल्या शेणात खाली बसली आणि तोंडावर पदर घेऊन रडू लागली.

देवाजी तेव्हा टपरीशी दुसरा चहा पीत होता. तिथल्या त्या तिघांत दोन्ही भाषा येणारं कोणी नव्हतं, आणि ज्याला येत होत्या तो रांगोळी मोडू नये म्हणून मफलर गुंडाळून थंडीत बसला होता.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा फाटकासमोर मुग्गू नव्हता. झालेला प्रकार त्याला दोनदा ऐकावा लागला, आत मराठीत आणि बाहेर तेलुगूत, आणि दोन्हीकडचा शब्द न्‌ शब्द त्याला खरा वाटला. त्यानं भागीरथाला पहाटे जायचं खरं कारण सांगितलं. ती कपाळाला हात लावून बसली.

"मंग सांगतलं काऊन नाई मले?"

"तू रागावली असती."

"आता काय गोड झालं?"

भागीरथा उठली, तोंड धुतलं आणि स्वतःहून पलीकडे गेली. अनसूयम्मासमोर हात जोडून उभी राहिली. देवाजीनं पडवीतून सगळं तेलुगूत सांगितलं, सावकाश, काही न लपवता. अनसूयम्मानं ऐकलं, भागीरथाला जवळ घेतलं, दोघी रडल्या. एका डब्यातून गूळ काढून तिनं भागीरथाच्या हातावर ठेवला. देवाजीला वाटलं, मिटलं. त्या रात्री तो पोटभर जेवला.

पण चार दिवसांनी व्यंकटेशम त्याच्या गाडीजवळ आले. देवाजी नुकताच कचेरीतून आला होता, अजून गाडीवरच होता. म्हातारा उताराच्या कडेला उकिडवा बसला. मग म्हणाले, "अलोणेगारू, तुमची चूक नाही. तुमच्या बायकोची नाही. माझ्या बायकोला हे सगळं समजतं."

देवाजीनं गाडी बंद केली.

"पण ती झोपत नाही. रात्री उठून माझ्या नाकाशी हात धरते. श्वास चालतो का बघते. मुग्गू अर्धा टाकून मला बघायला आत येते. मी समजावलं, रागावलो, काही उपयोग नाही." त्यांनी उतारावरचा खडा उचलून नालीत टाकला. "तुमच्या बायकोला पाहिलं की तिला ती खूण दिसते. या महिन्यात दारात जे दिसलं ते मनातून जात नाही. मी काय करू, तुम्हीच सांगा."

भांडायला समोर वाईट माणूस लागतो. इथं एक म्हातारा होता, ज्यानं आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यासाठी वाट बांधली होती, आणि तोच आता मान खाली घालून सांगत होता की घर सोडा. देवाजीला एकदा वाटलं की म्हणावं, भागीरथाला गुडीहत्नूरला पाठवतो, मी एकटा राहतो. शब्द ओठांवर आलेही. मग आतून तिच्या तवा घासण्याचा आवाज आला आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

"सोडतो," तो म्हणाला. "दुसरं घर भेटेपर्यंत राहू द्या."

"राहा. घाई नाही," व्यंकटेशम म्हणाले, आणि डोळे पुसत आत गेले.

घाई नव्हती म्हणतात, पण संक्रांतीच्या आधीच बँकेतला एक माणूस घर पाहून गेला. त्याच्याकडे मोटार होती. उतार पाहून तो फारच खूश झाला. अदिलाबादेत गाडीसाठी इतकी चांगली सोय असलेलं घर त्यानं पाहिलं नव्हतं. हे चंपतनं येऊन सांगितलं आणि बँकवाल्याला अशा शिव्या घातल्या की त्या इथं लिहिता येणार नाहीत. देवाजी म्हणाला, "त्याचा काय गुन्हा हाय, चंपत?"

पुन्हा गल्ल्या सुरू झाल्या. पुन्हा नाल्या, फरश्या, पायऱ्या. आता तर देवाजीला पाटी पाहूनच उत्तर कळे. साडूनं यावेळी बोलावलं नाही आणि देवाजीनं विचारलं नाही. शेवटी द्वारकाबाई नावाच्या एका विधवेनं दोन खोल्या दिल्या. तिनं जात विचारली नाही, कारण ती त्याच्याच जातीची होती. पण घर गल्लीच्या आत होतं. गल्लीच्या मधोमध नळाचा ओटा, त्याच्या एका अंगाला नाली, दुसऱ्या अंगाला भिंत. गाडी जाईल अशी वाट कुठेच नव्हती. गाडी गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबाला साखळीनं बांधायची. तिथून दारापर्यंत कसं जायचं, हे द्वारकाबाईनं विचारलं नाही आणि देवाजीनंही तो विषय काढला नाही. भागीरथा फक्त म्हणाली, "मी पाह्यतो त्याचं."

सामान हलवलं त्या दिवशी देवाजी कचेरीतून थेट नव्या घरी आला. गाडी खांबाला लावली. दिवेलागणीची वेळ, नळाला पाणी आलेलं. ओट्यावर बायकांची गर्दी, भिंतीशी बाजेवर चारपाच पुरुष बसलेले. देवाजी गाडीवरच बसून राहिला. त्याला वाटलं, जरा वेळानं गल्ली रिकामी होईल, अंधार पडेल, मग आपण हातांवर जाऊ. पण ओट्याचं पाणी वाटभर पसरलं होतं, नालीही त्यातच तुंबलेली. आणि गल्ली काही रिकामी होईना. एक बाई गेली की दुसरी येई.

भागीरथा दारातून बघत होती. ती आली, पदर खोचला, गाडीला लागून पाठ करून उकिडवी बसली.

"या."

"पानी भरनं होऊ दे. लोक गेले का येतो."

"लोक कुठं जाते? इथंच राह्यते ते."

"भागीरथा, आजच्या दिवस..."

"आन् उद्या?" ती मागे न पाहता म्हणाली. "या म्हनलं ना."

देवाजीनं तिच्या गळ्यात हात घातले. गुडघ्यावर हात टेकून ती उठली, त्याचे पाय दोन्ही कोपरांत धरले आणि चालू लागली. ओट्यावरची बडबड एकदम थांबली. मग पुन्हा सुरू झाली, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. आम्ही काही पाहिलं नाही हे दाखवायला लोक अशा वेळी मोठ्यानं बोलतात. देवाजीनं डोळे मिटून घेतले होते.

बाजेवरून कोणी तरी झटकन उठलं. "नमस्कार, साहेब!"

देवाजीनं डोळे उघडले. कचेरीतला हेमचंद्र होता, त्याच्याच हाताखालचा टंकलेखक. रोज टेबलासमोर कागद घेऊन उभा राही. तो याच गल्लीत राहतो हे देवाजीला माहीत नव्हतं. सवयीनं त्याचा उजवा हात नमस्काराला सुटला, अंग मागे कलंडलं, आणि भागीरथा पाण्यात घसरता घसरता वाचली.

"दोनी हातानं धरा," ती म्हणाली.

देवाजीनं दोन्ही हात पुन्हा तिच्या गळ्यात घातले. ती त्याला घेऊन दाराकडे चालत राहिली. हेमचंद्र तसाच उभा होता, हात जोडून, साहेबांचा नमस्कार परत येईल म्हणून.